आवर्तनाच्या बैठकीत अभयारण्यालाही जागा हवी

नाशिकरोडच्या नळांना येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा दारणेचा. चेहेडीच्या बंधाऱ्यातून ते उचलले जाते आणि वापरून झाले की चेहेडी-पंचकच्या मलनिस्सारण केंद्रांतून पुन्हा नदीच्या वाटेला लागते. जे केंद्रांपर्यंत पोहोचत नाही ते नाल्यांमधून तसेच जाते. पुढे दारणासांगवीजवळ दारणा गोदावरीला मिळते, चांदोरी-सायखेडा मागे पडते आणि निफाड तालुक्यात कादवेच्या संगमाशी हे सगळे पाणी शंभर वर्षांहून जुन्या एका बंधाऱ्यापाशी थबकते. तो बंधारा नांदूरमध्यमेश्वरचा. त्याच्या फुगवट्यातल्या उथळ पाण्यावर, गाळाच्या बेटांवर आणि पाणगवतात हिवाळ्यात उतरणाऱ्या पक्ष्यांमुळे १९८६ मध्ये इथे सुमारे १०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. २०१९ मध्ये इथल्या १,४३७ हेक्टर क्षेत्राला रामसर कराराखाली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा दर्जा मिळाला आणि राज्यातले ते पहिले रामसर स्थळ ठरले. दर्जा मोठा आहे, कौतुकही पुष्कळ झाले. पण या अभयारण्यात नेमके काय राखायचे, ते कोणी राखायचे आणि त्यासाठी कोणाचे काय चालू ठेवायचे, या प्रश्नांना आपण अजून नीट हात घातलेला नाही. मनाईचे फलक लावले, दंडाची रक्कम लिहिली, की संरक्षण झाले असे आपण धरून चालतो. नांदूरमध्यमेश्वरच्या बाबतीत ही समजूत मुळातच चुकीची आहे. ही पाणथळ रोज चालवावी लागते, आणि ती चालवण्याचा सर्वांत मोठा अधिकार, म्हणजे पाण्याचा, वनखात्याकडे नाहीच.

सह्याद्रीतले जंगल आणि नांदूरमध्यमेश्वर यांत मोठा फरक आहे. जंगलात माणसाने ढवळाढवळ केली नाही तर ते बहुधा आपले आपण टिकते. ही पाणथळ मात्र माणसाने नदी अडवली म्हणून जन्मली आणि आजही माणसाच्या निर्णयावर जगते. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षे गाळ साचला, जलाशय उथळ झाला. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसान, पक्ष्यांच्या दृष्टीने मात्र हीच खरी कमाई. थापट्या, तलवार बदक, चक्रांग ही पाण्यात डोके खुपसून चरणारी बदके साधारण फूटभर खोलीपर्यंतच पोट भरू शकतात. तुतवार आणि पाणटिवळ्यांना त्याहून उथळ पाणी आणि ओला चिखल लागतो. चमचा, शराटी, करकोचे यांची गरज आणखी निराळी. पातळी एक-दोन फूट चढली तर चिखलाची पट्टी बुडते. तेवढीच उतरली तर बेटे काठाला जोडली जातात आणि कुत्री, गुरे, माणसे थेट पक्ष्यांच्या बसण्याच्या जागेपर्यंत जातात. ही पातळी ठरते ती वरच्या धरणांतून ठरावीक पाळीने सुटणाऱ्या पाण्यावर, म्हणजे आवर्तनावर. नांदूरमध्यमेश्वर हे साठवणीचे धरण नव्हे, पाणी वळवण्याचा बंधारा आहे. गंगापूर, दारणा आणि इतर धरणांचे पाणी इथे येते आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी निफाडपासून कोपरगाव-राहात्यापर्यंत, जलद कालव्याने वैजापूर-गंगापूरच्या शिवारापर्यंत जाते. पाळी सुरू झाली की फुगवटा चढतो, संपली की उतरतो. डिसेंबर-जानेवारीत स्थलांतरित पक्ष्यांची गर्दी ऐन भरात असते आणि रब्बीचे आवर्तनही त्याच दिवसांत असते. म्हणजे त्या दोन-तीन महिन्यांत अभयारण्याचा खरा व्यवस्थापक कालव्याचे दरवाजे हाताळणारा अभियंता असतो, आणि पक्ष्यांचा विचार करण्याचे कसलेही बंधन त्याच्यावर आपण घातलेले नाही.

पक्षीशास्त्रज्ञ सालिम अलींनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले, असे नाशिककर अभिमानाने सांगतात. ही तुलना आपण मनावर घेतली पाहिजे, कारण भरतपूरच्या केवलादेव घना उद्यानाने दिलेले धडे आपल्यासाठी जसेच्या तसे लागू आहेत. तेही माणसाने बांध घालून, पाणी वळवून तयार केलेले. संस्थानिकांच्या बदकांच्या शिकारीसाठी ते राखलेले होते. १९३८ च्या नोव्हेंबरात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या एका शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेले, आणि हा आकडा तिथल्या शिळेवर कोरलेला आहे. पुढे शिकार बंद झाली, १९८२ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि त्याबरोबर आसपासच्या गावांच्या म्हशींना आत चरायची बंदी झाली. गावकरी चिडले, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे शास्त्रज्ञ त्याच दशकात तिथे दीर्घ अभ्यास करत होते. चराई पक्ष्यांना घातक आहे, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. अभ्यासातून निघाले उलटेच. म्हशी गेल्यावर पाणगवत बेसुमार माजले, उघडे पाणी झाकले गेले आणि अनेक पाणपक्ष्यांची संख्या घटली. म्हशी तिथे नकळत व्यवस्थापनाचे काम करत होत्या. शेवटी गावकऱ्यांनाच गवत कापून न्यायची मुभा द्यावी लागली. ज्यांना आपण आक्रमक समजून बाहेर काढले, त्यांच्यावरच ती जागा उभी होती, हे कळेपर्यंत जीव गेले होते.

भरतपूरचा दुसरा धडा पाण्याचा आहे, आणि तो नाशिक जिल्ह्याला जास्त जवळचा वाटावा. केवलादेवचे पाणी करौली जिल्ह्यातल्या पांचना धरणाने वरच अडवले. २००४ च्या सुमारास पाऊस कमी झाला, धरणाखालच्या शेतकऱ्यांनी पाणी सोडायला विरोध केला, सरकार त्यांच्यापुढे नमले आणि जागतिक वारसा म्हणून नोंदलेले उद्यान कोरडे पडले. शेतकऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हते. दोष होता तो व्यवस्थेचा. उद्यानाला किती पाणी, केव्हा आणि कोणत्या मार्गाने द्यायचे हे टंचाई येण्याआधी कोणीच ठरवलेले नव्हते, म्हणून टंचाईत पक्षी विरुद्ध शेतकरी असा सामना लागला. गोवर्धन नाल्यावरून पाणी आणण्याची पर्यायी योजना २०१२ मध्ये उभी राहीपर्यंत कित्येक हंगाम वाया गेले. आपल्याकडेही गोदावरीच्या पाण्याचा वाद नवा नाही. समन्यायी वाटपाचा विषय त्याचा अभ्यास करणाऱ्या मेंढेगिरी समितीपर्यंत, जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २०१४ च्या आदेशापर्यंत आणि उच्च न्यायालयापर्यंत गेला. नाशिक, नगर, मराठवाडा या तिन्ही बाजूंनी कोणाचे किती टीएमसी याचा हिशेब मांडला. ज्या पाणथळीवरून हे पाणी वाहते तिचा हिशेब मात्र कोणत्याच बाजूने मांडला नाही.

कागदावर मोठे क्षेत्र घोषित करून प्राणी वाचत नाही, याचा दाखला तर महाराष्ट्रातच आहे. १९७९ मध्ये सोलापूर-नगर भागात माळढोकासाठी अभयारण्य जाहीर झाले ते ८,४९६ चौरस किलोमीटरचे. गावे, शहरे, खाजगी शेतजमिनी, सगळे त्यात आले. जमिनीच्या व्यवहारांवर निर्बंध आले, लोक त्रासले, आणि माळढोक म्हणजे आपल्यावरचे संकट अशी भावना घरोघरी रुजली. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी केले गेले, पण तोवर पक्षी जवळपास नाहीसा झाला होता. त्याला केवळ लोकांचा रोष कारणीभूत नव्हता. माळराने शेतीखाली गेली, विजेच्या तारा आल्या. तरीही ज्या जमिनीवर माळढोक जगायचा ती राखणाऱ्या माणसांना आपण पहिल्या दिवसापासून विरोधक करून ठेवले, ही गोष्ट विसरता येणार नाही. नांदूरमध्यमेश्वरच्या काठची खानगाव थडी, चापडगाव ही गावे द्राक्ष, ऊस, गहू पिकवणारी आहेत. अभयारण्य म्हणजे आपल्या विहिरीवर, बांधावर आणि मोटारीवर येणारी बंधने, असा त्यांचा समज झाला तर नाशिकमधून येणारी कोणतीही पक्षीप्रेमी संस्था तो दूर करू शकणार नाही.

मग करायचे काय? वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३३-ब आले. प्रत्येक अभयारण्यासाठी राज्य सरकारने सल्लागार समिती नेमावी, असे ते सांगते. त्या समितीत मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांचा प्रतिनिधी, स्थानिक आमदार, पंचायत राज संस्थांचे तीन प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्था आणि वन्यजीव क्षेत्रात काम करणाऱ्या व्यक्ती, गृह आणि पशुवैद्यकीय विभागांचे प्रतिनिधी असावेत, असा तपशीलही कायद्यातच दिला आहे. ही रचना जंगलाच्या अभयारण्यासाठी ठीक असेल. नांदूरमध्यमेश्वरला मात्र तिच्यात दोन मोठी भगदाडे आहेत, कारण जलसंपदा विभाग या यादीत नाही आणि मत्स्यव्यवसाय विभागही नाही. दुसऱ्या बाजूला पालकमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली कालवा सल्लागार समिती बसते, धरणांतला साठा पाहून आवर्तने ठरवते, आणि त्या बैठकीत लाभक्षेत्रातले लोकप्रतिनिधी, अभियंते, शेतकरी असतात. एका समितीच्या हातात पक्षी आहेत पण पाणी नाही, दुसरीच्या हातात पाणी आहे पण पक्षी नाहीत. माझी मागणी साधी आहे. नाशिकच्या वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्याला आणि काठच्या गावांतल्या मासेमारांच्या एका प्रतिनिधीला कालवा समितीच्या बैठकीत हक्काची जागा द्यावी. अभयारण्याच्या व्यवस्थापन आराखड्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळातल्या पाणीपातळीची किमान आणि कमाल मर्यादा आकड्यांत लिहावी. आवर्तनाचे वेळापत्रक करताना ती मर्यादा पाळता येते का ते तपासावे, आणि ज्या वर्षी पाळता येणार नाही त्या वर्षी तसे कारणांसह नोंदवावे.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचा येणार, आणि तो गांभीर्याने घ्यायला हवा. दुष्काळात माणसाला, पिकाला पाणी पुरत नाही आणि तुम्ही बदकांसाठी पाणी मागता? पण इथे पक्ष्यांसाठी पाण्याचा वेगळा साठा कोणी मागत नाही. बंधाऱ्यावर आलेले पाणी कालव्यातच जाणार आहे. मागणी आहे ती वेळेची आणि वेगाची. पातळी एकदम चढवून एकदम उतरवण्याऐवजी ती सावकाश हलवता येते का, दोन पाळ्यांच्या मधल्या काळात तळाचे पाणी कुठवर उतरू द्यायचे, एवढाच प्रश्न आहे. काही वर्षी त्याचीही किंमत मोजावी लागेल, हे मान्य. दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. २०१६ आणि २०१९ च्या पुरांत सायखेडा-चांदोरी पाण्याखाली गेले. गाळाने भरलेल्या बंधाऱ्याचा फुगवटा पूर वाढवतो, म्हणून गाळ काढा, दरवाजे वाढवा, अशी तिथल्या लोकांची मागणी आहे. ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांना पक्ष्यांची बेटे दाखवून गप्प बसवणे अन्यायाचे होईल. पण गाळ सरसकट उपसला तर ज्या उथळ पट्ट्यांसाठी रामसरचा दर्जा मिळाला त्याच नाहीशा होतील. मधली वाट आहे ती नदीच्या मुख्य धारेतला गाळ काढून प्रवाह मोकळा करण्याची आणि बेटे व काठावरचे चिखलाचे भाग नकाशावर आखून सोडण्याची. ती वाट खरोखर पुराला उतार देते का, हे जलशास्त्रीय मोजणीनेच कळेल. ती मोजणी जलसंपदा आणि वन विभागाने एकत्र करून गावांसमोर मांडावी. नाहीतर एखाद्या पावसाळ्यानंतर संतापाच्या भरात यंत्रे पाण्यात उतरतील, आणि त्या वेळी कोणाचे ऐकण्याच्या मनःस्थितीत कोणी नसेल.

आता मासेमारीकडे वळू, कारण या पाणथळीच्या व्यवस्थापनाची खरी कसोटी तिथे आहे. अभयारण्यात परवानगीविना मासे धरता येत नाहीत, असे कायदा सांगतो. पण नदी आहे, मासे आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकून जगणारी भोई, कोळी, भिल्ल कुटुंबे आहेत. सरसकट मनाईने मासेमारी थांबत नाही. ती रात्रीची होते, आणि रात्रीच्या मासेमारीला ना जाळ्याच्या आसाचे बंधन, ना हंगामाचे. बारीक आसाच्या जाळ्यात पिल्ले जातात, पाण्यात ताणून ठेवलेल्या जाळ्यांत पाणकावळे, डुबक्या आणि वारकरी अडकून मरतात. उलट परवाना दिला की अटी घालता येतात आणि तो रद्द होण्याची भीतीही घालता येते. अभयारण्य घोषित होताना चौकशीत आढळलेले हक्क मुख्य वन्यजीव रक्षकाच्या सल्ल्याने चालू ठेवण्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे, आणि असे हक्क बजावणे हा गुन्हा नव्हे, हे २०२२ च्या दुरुस्तीने कलम २९ मध्येही स्पष्ट केले. म्हणजे कायद्याची वाट बंद नाही. माझ्या मते परवाना काठच्या गावांतल्या कुटुंबांना नावानिशी द्यावा, ठेकेदाराला नाही. ठेकेदाराला ठेक्याची मुदत संपेपर्यंत जास्तीत जास्त माल काढायचा असतो, पुढच्या वर्षी तळ्यात काय उरेल याच्याशी त्याला कर्तव्य नसते. बेटांभोवतीचा आणि पक्ष्यांच्या रात्रीच्या मुक्कामाचा भाग हिवाळाभर जाळ्यांना बंद असावा. पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे अंडी घालायला चढतात तेव्हा सगळीकडे बंदी असावी. समुद्रावरचे कोळी जून-जुलैतली मासेमारीबंदी पाळतात, कारण बंदीमागचे कारण त्यांना दिसते. नदीवरच्या मासेमारालाही ते दिसेल.

शिवाय इथल्या मासेमाराकडून संरक्षणाचे प्रत्यक्ष काम करून घेता येते. देशभरातल्या जलाशयांसारखाच इथेही चिलापीचा धोका आहे. बाहेरून आलेला हा मासा वेगाने वाढतो आणि स्थानिक माशांची जागा घेतो. बंदी असूनही आफ्रिकन मांगूर पाळला जातो आणि पुराच्या पाण्याबरोबर नदीत येण्याची भीती असते. रामसरच्या नोंदीत नांदूरमध्यमेश्वरच्या संदर्भाने देवळालीच्या एका इवल्या माशाचे नाव आहे. १९३८ मध्ये होरा आणि मिश्रा यांनी शास्त्राला ओळख करून दिलेला हा मासा आज अतिसंकटग्रस्त आहे. नाशिकरोडला खेटून असलेल्या देवळालीच्या नावाने जगात ओळखला जाणारा एक जीव नाहीसा होण्याच्या बेतात असावा आणि त्याची चर्चा आपल्याकडे जवळपास नसावी, याचे मला मनापासून दुःख होते. पक्षी दिसतात, त्यांचे फोटो येतात. पाण्याखालचे काय चालले आहे ते फक्त मासेमाराच्या टोपलीतून कळते. परवानाधारकाने रोज काय आणि किती मिळाले याची नोंद द्यावी, चिलापी आणि मांगूर सापडल्यास काढून विकायची पूर्ण मुभा असावी, स्थानिक माशांना आकाराची मर्यादा असावी. एवढे केले तरी दोन-तीन वर्षांत या पाण्याची जेवढी माहिती हाती येईल तेवढी आजवर कधी नव्हती.

मासेमारीला दार उघडले की चोरटी शिकार आत येईल, असे पक्षीप्रेमी म्हणतील. शंका रास्त आहे, कारण जाळे घेऊन पाण्यात फिरणाऱ्याला पक्षी धरणे सोपे असते. पण ओडिशातल्या चिलिका सरोवराच्या काठच्या मंगलाजोडीचा अनुभव पाहा. ते गाव पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. तिथल्याच शिकाऱ्यांना विश्वासात घेऊन त्यांची पक्षी संरक्षण समिती झाली, तेच नावाडी आणि वाटाडे झाले, आणि आज मंगलाजोडीला लोक पक्षी पाहायला देशोदेशींहून येतात. पुणे-सोलापूर जिल्ह्यांच्या सीमेवर उजनीच्या फुगवट्यात भिगवणचे मासेमार आपल्या होड्यांतून रोहित पक्षी दाखवतात, तेव्हा त्या पक्ष्यांना दगड मारणाऱ्याला पहिला हटकणारा तोच मासेमार असतो. सगळी कुटुंबे सुधारतील असे नाही. पण १०० चौरस किलोमीटरच्या पसरट, गावांनी वेढलेल्या प्रदेशावर मोजक्या वनरक्षकांनी पहारा ठेवायचा, आणि पाण्यावर दिवसरात्र असणाऱ्या माणसांना संशयित मानायचे, हा मार्ग अधिक सुरक्षित आहे असे कोणत्या आधारावर म्हणायचे?

वापराला परवानगी द्यायची तर शिकारीलाच का नको, असाही प्रश्न निघतो, आणि तो टाळण्यात अर्थ नाही. अमेरिकेत बदकांची शिकार परवान्याने चालते. १९३४ पासून तिथल्या शिकाऱ्याला बदकाचे चित्र असलेले एक तिकीट विकत घ्यावे लागते, आणि त्याचे जवळजवळ सगळे पैसे पाणथळ जमिनी विकत घेण्यात आणि राखण्यात जातात. १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर, तर १९५० च्या कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरचा कर वन्यजीव आणि मासे यांच्या संवर्धनासाठी बांधून दिला. तिथल्या अनेक राज्यांत सार्वजनिक शिकार-मासेमारी क्षेत्रे याच पैशावर उभी आहेत, आणि बदकांच्या पाणथळी त्यामुळे वाचल्या हे नाकारता येत नाही. पण त्या व्यवस्थेमागे दरवर्षीची विमानातून होणारी मोजणी आहे, शेजारी देशांशी जुने करार आहेत, प्रत्येक जातीची दिवसाची मर्यादा आहे, आणि पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छर्रे वापरायला १९९१ पासून देशभर बंदी आहे. आपल्याकडे येणारी बदके मध्य आशियाई उड्डाणमार्गाने, कित्येक देश ओलांडून येतात. त्यांच्या शिकारीची मर्यादा ठरवण्याएवढी मोजणी या मार्गावर कुठेच होत नाही. काठोकाठ वस्ती असलेल्या १,४३७ हेक्टरांत बंदुका चालवण्याइतकी जागाही नाही. परवान्याच्या शिकारीचा प्रयोग मुंबई राज्यात १९५१ च्या कायद्याने होऊन गेला, १९७२ च्या कायद्यात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने आपण तो मागे टाकला, आणि ते योग्यच केले. तिकडून घ्यायचे ते एवढेच, की जो निसर्ग वापरतो त्याच्याकडून पैसा घ्यावा आणि तो पैसा त्याच जागेसाठी कायद्याने बांधून ठेवावा.

पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर, नीलगाय आणि आता नाशिकरोडच्या वस्त्यांपर्यंत येणारा बिबट्या यांचा प्रश्न मात्र शौकाच्या शिकारीहून पूर्ण वेगळा आहे. त्यासाठी वन्यजीव संरक्षण कायद्याचे कलम ११ आहे, माणसाला धोका ठरलेल्या प्राण्यावर कारवाईचा अधिकार त्यात आहे, आणि तो वेळेवर वापरला गेला पाहिजे. ज्या घरातले मूल गेले त्याला उड्डाणमार्ग ऐकवून चालत नाही. पण दारणा-गोदेच्या काठच्या उसात बिबट्या स्थायिक झाला आहे, ही वस्तुस्थिती आहे. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात झालेल्या संशोधनात १०० चौरस किलोमीटरला पाचाच्या आसपास प्रौढ बिबटे आढळले होते, आणि तेही जंगल नसलेल्या मुलखात. अशा ठिकाणी सरसकट मारण्याची किंवा पकडून दुसरीकडे सोडण्याची मागणी प्रश्न हलवते, सोडवत नाही.

वापरणाऱ्याने पैसा द्यावा हे तत्त्व लावले, तर नांदूरमध्यमेश्वरचा सर्वांत मोठा वापरकर्ता कोण? मासेमार नाही, शेतकरीही नाही. तो आपण आहोत, नाशिक आणि नाशिकरोडचे लोक. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, त्यातले ५३ महाराष्ट्रातले आणि त्यात गोदावरी होती. शहराच्या सांडपाण्यातला नत्र आणि स्फुरद खाली वाहत जातो आणि पानवेलीचे (जलपर्णीचे) खत होतो. पानवेल पोसली गेली की पंधरा-वीस दिवसांत दुप्पट पसरते, उजेड अडवते, तळाचा प्राणवायू संपवते, मासे मरतात, जाळे टाकायला जागा राहत नाही, बदकांना उतरायला उघडे पाणी राहत नाही. यंत्राने वेल काढणे आवश्यक आहे, पण वरून खत येत राहिले तर ते काम कधीच संपणार नाही. सांडपाणी केंद्रे मुख्यतः सेंद्रिय भार कमी करण्यासाठी बांधली जातात, नत्र-स्फुरद काढायला वेगळी प्रक्रिया लागते. २०२७ च्या सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी घाट, रस्ते आणि नव्या केंद्रांवर मोठा खर्च होतो आहे. स्नानाच्या घाटावर पाणी स्वच्छ दिसावे एवढ्यावर हा खर्च मोजला जाऊ नये. नांदूरमध्यमेश्वरला पोहोचणाऱ्या पाण्यात नत्र-स्फुरद किती, हे त्याचे माप असावे. महापालिकेच्या मलजल आकारातला एक ठरलेला वाटा दरवर्षी अभयारण्याकडे जावा, त्यातून पानवेल काढण्याची मजुरी काठच्या मासेमारांनाच मिळावी आणि पक्ष्यांनी पीक खाल्ले तर शेतकऱ्याला भरपाईही मिळावी.

पैसा नाही, मनुष्यबळ नाही, समन्वयाला वेळ लागेल, असे प्रशासन म्हणेल. मलजलाचा वाटा, मासेमारीचे परवाने, गाळाची मोजणी यांना खरेच वेळ लागेल, आणि त्यातल्या काहींना सरकारी आदेशही लागतील. पण एक गोष्ट याच वर्षी करता येते. १५ ऑक्टोबरचा साठा पाहून रब्बीच्या आवर्तनांचे नियोजन होते. त्या बैठकीला वन्यजीव विभागाच्या अधिकाऱ्याला बोलावणे आणि पाण्याच्या तक्त्यात नांदूरमध्यमेश्वरच्या हिवाळी पातळीचा एक रकाना वाढवणे, यासाठी पालकमंत्र्यांचे एक पत्र पुरते.